चादरीमागची खिडकी

मी एक चादर बोलतेय. निळ्या फुलांची, एका कोपऱ्याला इस्त्रीनं भाजलेली. भाजल्या जागी आईनं लेकीच्या शाळेच्या स्कर्टचं ठिगळ लावलं, म्हणून मी वाचले. नाहीतर माझं कधीच पायपुसणं झालं असतं.

लेक कॉम्प्युटरवर लोकांच्या घरांचे आराखडे काढते. एकदा जेवताना म्हणाली, "आई, ऑफिसनं परवानगी दिली. आता कुठूनही काम केलं तरी चालेल. मी जग बघत बघत करणार."

आईचा घास हातातच राहिला. "लोकांची घरं काढतेस आणि स्वतःचं सोडून हिंडणार? पायाला भिंगरी लागलीय नुसती!"

आई 'हो' म्हणालीच नाही. निघायच्या सकाळी मात्र तिनं मला बॅगेत कोंबलं. लेक वजनावरून कुरकुरली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. हिला अंथरूणच सोबत न्यावं लागलं.

पहिल्याच भाड्याच्या खोलीत भिंतीला ओल होती. आईनं पाहिली असती तर संपलंच! म्हणून व्हिडिओ कॉलच्या आधी लेकीनं दोरी बांधली आणि चिमटे लावून मला मागे टांगलं. तिकडे आईचा जीव टांगणीला, इकडे मी दोरीला.

आई फोनच्या इतकी जवळ आली, की नुसतं कपाळ दिसत होतं. "ठिगळ दिसतंय," ती म्हणाली. "मग बरी आहेस."

तेव्हापासून ती सवयच पडली. गावं बदलली, खोल्या बदलल्या. एका खोलीखाली बेकरी होती, पहाटेपासून मला पावाचा वास यायचा. मग ही समुद्रावरची खोली मिळाली. लेक काम उरकून वाळूत भटकून यायची आणि कॉलच्या वेळी सवयीनं मला खिडकीवर टांगायची. माझ्या पाठीशी अख्खा समुद्र आणि आईला दिसायची फक्त मी. मला फार वाईट वाटायचं.

परवा आई अचानक म्हणाली, "अगं, ती चादर मी जन्मभर धुतलीय. जरा बाजूला कर. मागे काय आहे ते बघू दे."

लेकीनं घाबरत चिमटे काढले. मी खाली घसरले.

आईचं कपाळ पुन्हा फोनला टेकलं. म्हणाली, "एवढं सगळं लपवून ठेवलंस होय गं? ने, खिडकीजवळ ने. अजून जवळ."

लेक हसत होती आणि डोळे माझ्याच कोपऱ्याला पुसत होती.

आता मी गादीवर असते, माझ्या हक्काच्या जागी. आईनं कोंबलं नसतं, तर कपाटातल्या चादरीनं समुद्र कधी बघितला असता? तिचे उपकार मी विसरणार नाही. तुमचंही लेकरू लांब निघालं, तर घरची एखादी चादर जरूर द्या. आणि कधीतरी म्हणा, "जरा बाजूला कर."