डोक्यावरचा खर्च

मी केसांचा टोप बोलतोय. विग म्हणा हवं तर. ताडकळसच्या हरिओमच्या डोक्यावर बरीच वर्षं काढली, पण त्या घरात माझं नाव कुणी घ्यायचं नाही.

माझा जन्म एका डोक्यावर झाला नाही. विंचरताना गळालेल्या केसांचं गुंतवळ बायका जपून ठेवतात, दारावर येणारी बाई ते घेऊन बदल्यात भांडी देते. अशा कितीतरी जणींचे केस धुऊन, जाळीवर गाठी मारून मला घडवलं. नांदेडच्या दुकानात हरिओमनं मला घातलं, आरशात डावीकडून, उजवीकडून पाहिलं आणि काढलंच नाही. तसाच एसटीत जाऊन बसला.

हरिओम लग्नसमारंभात निवेदन करतो. आवाज असा भरदार, की सेलूच्या मोठ्या मंगल कार्यालयातला मागच्या रांगेतला पाहुणाही मोबाइल खाली ठेवतो. पण बोलता बोलता त्याचा डावा हात सारखा माझ्याकडे यायचा. कपाळाशी चाचपायचा, कानामागे दाबायचा. पंख्याखाली तो उभा राहायचा नाही. गाडी हळू चालवायचा. उन्हाळ्यात माझ्याखालून घाम कॉलरमध्ये उतरायचा. त्याला चैन नाही, म्हणून मलाही नाही.

घरातही मी डोक्यावरच. झोपताना दिवा मालवून मला काढायचा आणि लगेच कानटोपी चढवायचा. बायको शिवकन्या सगळं ओळखून गप्प. वडील उमाजी शेरडं घेऊन परतले, की त्याच्याकडे बघून नुसतं हसायचे.

मग पाथरीच्या एका लग्नात घोटाळा झाला. कागदी फुलं उडवायचं यंत्र अगदी जवळ सुटलं आणि त्या झोतानं मी अर्धा उचलला गेलो. पुढच्या रांगेतली पोरं खिदळली. हरिओमनं मला हातानं दाबून धरत वाक्य पूर्ण केलं. कार्यक्रम संपल्यावर मात्र जेवायलाही न थांबता तो घरी निघाला.

त्यानं केस रोवायच्या ऑपरेशनची चौकशी केली. खर्च ऐकून हबकला. मग त्याच्या मनात आलं, आपला धंदाच चेहऱ्यावर चालतो, तर हा खर्च धंद्यात दाखवून टॅक्स वाचवू. मला धडकी भरली. ऑपरेशन झालं की मला कोण विचारणार?

परभणीला पद्मजाताई त्याचं टॅक्सचं काम बघतात. शिवकन्याही सोबत आली, मांडीवर वर्षाची लेक साक्षी.

"मॅडम, माईक, स्पीकर, शेरवानी खर्चात धरता ना? तसंच हे ऑपरेशन."

"माईक धंद्याचा आहे, हरिओम. डोकं तुमचं स्वतःचं. ते केस घरीदारी, सगळीकडे तुमच्याबरोबर असणार. दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन खाजगी खर्चातच जातं. मी दाखवणार नाही. उद्या नोटीस आली तर काय उत्तर देऊ?"

हरिओमनं डोक्याकडे बोट केलं. "आन् हा टोप?"

त्यानं माझं नाव घेतलं! मी शहारलो.

"तो निव्वळ कार्यक्रमासाठी असेल तर वेशभूषेत धरता येईल. फक्त स्टेजवर घालता ना?"

"हो हो. फक्त स्टेजवर."

"खोटं कशाला बोलायलात?" शिवकन्या एकदम म्हणाली. "मॅडम, घरात बी काडत न्हाईत. पोरगी वर्साची झाली, तिनं बापाचं डोकं बगितलं न्हाई. मी बी नीट बगितलं न्हाई."

हरिओम घामानं पार भिजला. पद्मजाताईंनी नजर कॉम्प्युटरकडे वळवली. "मग तोही खाजगीच," त्या हळूच म्हणाल्या.

बाहेर गाडीपाशी तो भडकला. "परक्या माणसापुढं इज्जत घालवलीस माझी!"

"इज्जत त्या टोपात हाय व्हय? दिवा मालवल्याबिगर काडत न्हाई. मला वाटायचं, माझ्यावर भरोसाच न्हाई तुमचा."

"मग ऑपरेशन करू नको म्हणतीस?"

"करा की. डोकं तुमचं हाय. पर माझ्यासाठी करायलो म्हणू नका."

येणारे-जाणारे लोक बघत होते. त्यानं मला काढलं आणि गाडीच्या आरशाला अडकवलं. भर उन्हात, चारचौघांत.

साक्षीनं ते डोकं पाहिलं आणि भोकाड पसरलं. तिला बाप ओळखूच येईना. हरिओमचा चेहरा पडला, हात माझ्याकडे वळला. शिवकन्येनं त्याचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या. वळख पटंल."

मग त्यानं पोरीला घेतलं आणि तिच्या कानाशी बोलत राहिला. पोर हुंदके देत थांबली. ओला हात त्याच्या टकलावर ठेवला आणि चापट मारली. दोघंही हसली. आरशावरून मी बघत होतो. मला आनंद झाला की वाईट वाटलं, सांगता येत नाही.

आता घरी मी कपाटावर, पालथ्या डब्यावर असतो. ऑपरेशनचं काही ठरलेलं नाही. दवाखान्यातून फोन आला, की तो "बघू" म्हणतो. कार्यक्रमाला निघताना मला उचलतो, परत ठेवतो, पुन्हा उचलतो. कधी नेतो, कधी नाही. माझा जीव टांगलेलाच.

एक विनंती आहे. एखाद्या लग्नात हरिओम मोकळ्या डोक्यानं उभा दिसला, तर टक लावून बघू नका. नुसतं ऐका. फार गोड बोलतो तो.