खाऱ्या पाण्यातलं कडं

"चुकून तुझ्या पिशवीत पडलं असेल, बघ ना एकदा," दादा म्हणाला, आणि त्या 'चुकून'ने ब्रेकबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ब्रेकबाई हे नाव तिला तिच्याकडे गाडी शिकायला येणाऱ्यांनी दिलेलं. शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून तिने अर्धं गाव रस्त्यावर आणलं होतं, चांगल्या अर्थाने. माणसं तिला टरकून असत. दादाच्या घरी मात्र तिला कोणी जुमानत नसे. तिथे ती अजून धाकटीच होती, आणि धाकटीने ऐकून घ्यायचं असतं.

झालं होतं इतकंच. सगळे समुद्रावर गेले होते. आईला पाण्यात जायची हौस आली. दादा आणि वहिनी टॉवेल सांभाळत वाळूत बसले आणि ब्रेकबाई आईचा हात धरून आत गेली. कमरेइतक्या पाण्यात एक लाट जरा अंगावरच आली, दोघी भेलकांडल्या, नाकातोंडात पाणी गेलं, हसल्याही. बाहेर येऊन बघतात तर आईच्या मनगटातलं सोन्याचं कडं गायब. पाण्यात होत्या दोघीच. मग संशय कोणावर येणार, हे सांगायला पंडित लागत नाही.

तिने पिशवी दादाच्या जेवणाच्या टेबलावर उपडी केली. ओला टॉवेल, कंगवा, कुणाचे तरी लायसन्सचे फोटो, डोकेदुखीच्या गोळ्या. कडं नव्हतंच.

"आम्ही कुठे काय म्हटलं?" वहिनी म्हणाली.

"आई, तू सांग. पाण्यातच पडलं ना?"

आईने आधी दादाकडे पाहिलं. मग टेबलक्लॉथची सुरकुती नीट करत म्हणाली, "मला काही आठवत नाही गं."

दादाच्या आणि वहिनीच्या बोलण्याने ती चिडली होती. आईच्या बोलण्याने मात्र ती आतून तुटली. पण रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. जिना चढून ती आपल्या दोन खोल्यांत आली तेव्हा तिचं ठरलं होतं. कडं समुद्रात आहे ना? मग समुद्रातून काढायचं आणि त्या टेबलावर आपटायचं.

खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे काका राहत. त्यांना रिकाम्या वेळी वाळूत हरवलेल्या वस्तू शोधायचा नाद होता. त्यांच्याकडे मेटल डिटेक्टर होता. लांब दांडी, खाली थाळीएवढी चकती, कानाला हेडफोन. काकांनी तो दिला, पण कुरकुरत.

"कोरड्या वाळूत फिरव. पाण्यात नेऊ नकोस. खारं पाणी याला वेड लावतं."

"पाण्यातच पडलंय काका."

"मग घे, वेडी हो तूही."

पहिल्याच दिवशी तिला त्याचा अर्थ कळला. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे यंत्राला सगळा समुद्रच धातूचा वाटतो. चकती पाण्यात बुडाली आणि हेडफोनमध्ये असा काही कल्लोळ सुरू झाला की जणू पोपटांची शाळा सुटली असावी. ती यंत्राची ताकद वाढवत गेली, तसा कल्लोळ वाढत गेला. काठावरून पोरं ओरडली, "मावशी, गाणं लागलं का?" ज्या नजरेला एरवी लोक गिअर बदलतात, त्या नजरेने तिने त्यांच्याकडे पाहिलं.

काकांनी मग ताकद कमी करायला शिकवलं. यंत्राला थोडं बहिरं केलं की समुद्र गप्प बसतो, आणि जे खरंच काही असेल तेवढंच बोलतं. त्यांनी वर आणखी एक बटण दाबून दिलं. भंगार गाळायचं. पत्रा, बाटल्यांची झाकणं, चॉकलेटची चांदी, काही ऐकूच येणार नाही. "नाहीतर कंबर मोडेल तुझी," काका म्हणाले.

त्यानंतर दर सुट्टीला ओहोटी लागली की ती मांड्यांइतक्या पाण्यात उभी. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात जाळीचं फावडं. जीवरक्षकाच्या मनोऱ्यासमोर, जिथे लाट आली होती तिथेच, पुढे मागे, पुढे मागे. नाणी सापडली. कुणाची तरी किल्ली सापडली. कडं काही सापडेना.

दादाचा फोन आला. "बास झालं आता. लोक हसतात. आम्ही विसरलोय तो विषय."

"मी नाही विसरले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रात्री ती काकांच्या दारात बसून नाणी पाहत होती, तेव्हा काका सहज म्हणाले, "आणि कडं नुसतं गोल नसेल, फिरकीचं, म्हणजे स्क्रूने बंद होणारं असेल, आणि फिरकी निघून तोंड उघडं पडलं असेल, तर यंत्राला ते कडं वाटणारच नाही. पत्र्याचा तुकडा वाटेल."

ब्रेकबाई त्यांच्याकडे पाहतच राहिली. कडं फिरकीचंच होतं. फिरकी उघडल्याशिवाय ते मनगटातून निघतच नसे. म्हणजे इतके दिवस ती यंत्राला बजावत होती, पत्रा दिसला तर गप्प बस, आणि ते बिचारं इमानदारीने गप्प बसत होतं.

"काका! हे आधी नाही सांगता आलं?"

"तू फिरकी म्हणालीसच नाहीस. नुसतं कडं कडं करत होतीस."

पुढच्या सुट्टीला तिने भंगाराचं बटण बंद केलं. आता प्रत्येक झाकण बोलू लागलं आणि प्रत्येक झाकण तिने काढलं. पाण्यात वाकायचं, फावडं मारायचं, वाळू धुवायची, झाकण. पुन्हा वाकायचं, पुन्हा झाकण. काठावरच्या पोरांनी तिचं नाव झाकणमावशी ठेवलं. कंबर काकांनी सांगितल्याप्रमाणे मोडली. खारं पाणी डोळ्यांत जाऊन डोळे लाल झाले. ती मोठमोठ्याने शिव्या देत होती, समुद्राला, दादाला, झाकणं फेकणाऱ्या तमाम जनतेला. पण हटली नाही. माझ्यावर आळ घेऊन तुम्ही जेवायला बसता काय, असं ती प्रत्येक फावड्याला म्हणत होती.

आणि मग जाळीत झाकण नव्हतं. वाळू गळून गेली आणि तळाशी आईचं कडं राहिलं, तोंड वासून, फिरकी नसलेलं. ती पाण्यातच ओरडली. जीवरक्षक धावत आला, त्याला वाटलं बाई बुडतेय.

ती कपडे न बदलता, ओल्या सलवारीने, सरळ दादाच्या घरी गेली. आई सोफ्यावर होती, वहिनी भाजी निवडत होती. तिने कडं टेबलावर आपटलं.

दादाने ते उचललं. उलटसुलट केलं. खिडकीपाशी नेलं.

"चकाकतंय की," तो म्हणाला. "इतके दिवस समुद्रात होतं म्हणतेस, आणि ना डाग, ना काही. नवंकोरं."

"सोनं आहे ते. सोनं गंजत नाही."

"नाही, मी आपलं म्हणतोय."

"जाऊ दे ना," वहिनी म्हणाली. "मिळालं ना परत? कसं का मिळेना. झाकून टाकू विषय."

ब्रेकबाईच्या अंगावरून खारं पाणी टपटप फरशीवर पडत होतं. तेही त्यांना दिसत नव्हतं. तिला एकदम लख्ख कळलं की आपण अख्खा समुद्र उपसून आणला असता, तरी या दोघांनी विचारलं असतं, आधी कुठे लपवला होतास? ज्यांना तिला चोर म्हणायचं होतं, त्यांना कड्याची गरजच नव्हती. तिला आश्चर्य वाटलं ते याचं की आता रागही येत नव्हता.

तिने दादाच्या हातातून कडं काढून घेतलं आणि आपल्या मनगटात घातलं.

"हे काय?" दादा म्हणाला.

"तुम्ही म्हणालात ना मी घेतलं? आता घेतलं. आता खुशाल म्हणा."

ती दाराकडे वळली. मागून आईचा आवाज आला.

"फिरकी बसवून घे. तसंच घालशील तर पुन्हा पाण्यात जाईल."

मग दादा हळूच म्हणाला, "आई, तुला तर आठवत नव्हतं."

"मला सगळं आठवतं," आई म्हणाली. "लाट आली तेव्हा हातातून निघालेलं कळलं होतं मला. फिरकी ढिली झालीय, सोनाराकडे ने, असं तुला किती वेळा सांगितलं होतं, तेही आठवतं. तुझ्यासमोर तुझी चूक सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून पोरीला चोर होऊ दिलं."

ब्रेकबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी रागही परत आला, आईचा.

"इतके दिवस, आई? मी तिकडे झाकणं काढत होते!"

"या घरात राहायचं होतं मला."

"माझ्याकडे दोन खोल्या आहेत. मी कधी नाही म्हटलं? ऊठ. पिशवी भर."

दादा म्हणाला, "काहीतरीच काय, आई कुठेही जाणार नाही."

आई सोफ्याचा हात धरून उभी राहिली. गुडघा कुरकुरला, ती तशीच सरळ झाली.

"पिशवी राहू दे," ती म्हणाली. "माझ्या चपला कुठे आहेत त्या बघ."