झुहुराचं पूर्ण नाव

मोर्चा उद्या होता, पण झुहुराचे पाय आजपासूनच जमिनीवर ठरत नव्हते. सकाळी तिने मांदाझीचा, त्या गोडसर तळलेल्या पुऱ्यांचा, एक अख्खा घाणा करपवला, एका गिऱ्हाइकाला चहा म्हणून नुसतं गरम पाणी दिलं, त्याने बोंब मारली तेव्हा त्याच्यावरच खेकसली, आणि दुपारची अजान होताच टोपली आवरून केरुबोच्या सलूनकडे धावत सुटली.

त्यांच्या मकिना वस्तीचा दवाखाना बंद होऊन आठ महिने झाले होते. आज डॉक्टर नाही, उद्या औषध नाही, परवा छप्पर गळतंय, म्हणजे दर आठवड्याला नवीन सबब. मार्चमध्ये झुहुराच्या बहिणीने त्याच बंद फाटकासमोर हातगाडीवर पोर जन्माला घातलं. भर रस्त्यात अंगावरच्या कांगाच्या कापडाचा आडोसा धरून उभी होती ती झुहुरा. लोक बघत होते. काउंटी सरकारच्या कचेरीसमोर जाऊन हे सगळं मोठ्याने सांगायचं, हे तिने तिथेच ठरवलं होतं. आता तो दिवस आला आणि ती घरी बसेल? नाव नको!

सलूनमध्ये केरुबोने फळ्यासारखं काहीतरी टांगलं होतं. केरुबो नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि हुकूम सोडण्यात जन्मापासून तरबेज. ड्रायरखालच्या खुर्चीत रेडिओ बसला होता. त्याला रेडिओ म्हणायचे कारण त्याला बंद करायचं बटणच नव्हतं. दाराशी बराझा सुतार, अंगाने कपाटाएवढा आणि बोलायला महाग. म्हणजे झुहुरा धरून चौघं.

"बूट," केरुबो म्हणाली. "नाडीचे. चपला घालून जो येईल त्याला मी इथूनच परत पाठवेन."

"माझ्या बुटाला भोक आहे," रेडिओ म्हणाला.

"नाडी आहे ना? मग झालं. कानातले, गळ्यातले काढून ठेवायचे. वेण्या आत खोचायच्या. धूर आला तर डोळे चोळायचे नाहीत, साधं पाणी मारायचं. दगड कुणी उचलला तर त्याच्याजवळ थांबायचं नाही, मग तो तुझा सख्खा भाऊ का असेना. जोडीने जायचं, जोडीने यायचं. एकाला भीती वाटली की दोघांनी निघायचं. कोणी कुणाला भित्रा म्हणायचं नाही. कळलं?"

"आणि वीर व्हायचं असेल तर?" रेडिओने विचारलं.

"तर तुझ्या आईला आधी विचारून ये."

झुहुरा खो खो हसली. तिला हे सगळं फार फार आवडत होतं. चौघांच्या दंडावर, धरलेल्यांना सोडवणाऱ्या वकीलबाईंचा फोन नंबर लिहून झाला, फोनचं बोटाने उघडणारं कुलूप बंद करून झालं, मशिदीच्या मागच्या गल्लीतून निसटायची वाट दोनदा पायाखाली घालून झाली. प्रत्येक गोष्टीगणिक उद्याचा दिवस खरा होत होता.

मग केरुबोने वही काढली. "आता नावं. पूर्ण. ओळखपत्रावर आहेत तशी. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या कमोतेला उचललं. दोन दिवस आम्ही पाच चौक्या पालथ्या घातल्या. विचारतात, नाव काय? आम्ही म्हणतो, कमोते! अरे, खरं नाव काय ते एकालाही माहीत नाही! तेव्हा गाडीत कोंबलं तर पहिलं काम, तिन्ही नावं बोंबलून सांगायची. बघणारा कुणीतरी मला कळवेल. चला, सराव. बराझा, ऊठ."

बराझा दारात उभा राहिला, लाजला, आणि कुजबुजला.

"हे ऐकून मुंगीसुद्धा वळून बघणार नाही! पुन्हा!"

तिसऱ्या खेपेला त्याने असा आवाज लावला की आरशापुढची बाटली हलली. रेडिओचं नाव तर इनोसंट निघालं, तेव्हा हसूनहसून तिघांच्या पोटात दुखायला लागलं. पोलिसांना नुसतं नाव सांगितलं तरी सोडतील म्हणे! केरुबो डोळे पुसत नाव आणि ओळखपत्राचा नंबर वहीत मांडत होती.

झुहुराचं हसू मध्येच विरलं.

"झुहुरा सबीत फदलमुल्ला," ती भरभर म्हणाली.

"नंबर?"

"कार्ड घरी राहिलं."

"पाठ असेल की."

"हो, आहे ना." आणि तिने धडाधड आकडे सांगितले, जे तोंडाला येतील ते.

केरुबोचं पेन थांबलं. "नऊ झाले. आठ असतात."

झुहुरा बोटांवर आकडे मोजू लागली.

"बाई गं, आठ असतात हे ज्याच्याकडे कार्ड आहे त्या प्रत्येकाला माहीत असतं."

तिच्याकडे कार्ड नव्हतंच. कधीच नव्हतं. बाकीच्यांना अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर महिनाभरात मिळालं. ती न्युबी, पिढ्यांपूर्वी बाहेरून आणलेल्या सैनिकांच्या जमातीतली, म्हणून तिची चौकशी वेगळी, समिती वेगळी. आजोबांचा जन्मदाखला आण, त्यांना ओळखणारा माणूस आण. चार वर्षं खेटे घालून चपला झिजल्या, हाती काय आलं तर एक पावती, तिच्यावरची शाईही उडालेली. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, खाली बघत.

"आणि मला अंधारात ठेवून उद्या येणार होतीस?" केरुबो भडकली. "कार्डाशिवाय धरलं तर परदेशी म्हणून आत टाकतील तुला! आम्ही संध्याकाळी सुटू, तू कधी सुटशील? नाही. तू इथे फोनपाशी बसायचंस. तेही कामच आहे."

"मी नाही बसणार! सगळीकडे मी बाहेरच! कचेरीत बाहेर, बँकेत बाहेर, आता तुमच्यातही बाहेर? कांगा कुणी धरला होता त्या दिवशी? तू होतीस?"

केरुबोने पेन खाली ठेवलं.

"वकीलबाईंना विचार," बराझा म्हणाला. दिवसभरात तो स्वतःहून एवढंच बोलला.

फोन लागला. वकीलबाईंनी सरळ सांगितलं: मोर्चात चालणं गुन्हा नाही, पण धोका आहे, तो तिला नीट समजावून सांगा. मधल्या रांगेत ठेवा, मोठ्या रस्त्याच्या आधी परत फिरवा. आणि तिला नावानिशी ओळखणारी, नात्याबाहेरची तीन माणसं हवीत, बोलावलं की चौकीत येऊन सही करणारी. तेवढी असतील तर मी तिला सोडवू शकते. नसतील तर आणू नका.

केरुबोने फोन ठेवला. राग उतरला होता, पण चेहरा पडला होता. "चौकीची पायरी आपणहून कोण चढेल, झुहुरा? इथे पोलिसांची गाडी दिसली तरी लोक दारं लावून घेतात."

खरंच होतं ते. म्हणूनच झुहुराचा संताप असा उसळला की ती तडक दारात गेली. सराव राहिला होता ना तिचा? मग घ्या! छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या मकिनाच्या अंगावर ओरडल्यासारखी ओरडली:

"झुहुरा! सबीत! फदलमुल्ला!"

समोरच्या दुकानातलं शिवणयंत्र थांबलं.

"काय झालं गं?" शिंपी बाहेर आला. "कुणी धरलं सबीतच्या पोरीला?"

"कुणाला धरलं?" कोळसेवाली हात झटकत उठली. "फदलमुल्लाच्या नातीला? कोण आहे तो मेला?"

"धरलं नाही! सराव चाललाय!" केरुबो ओरडली, पण ऐकतंय कोण. गल्ली जमा झाली. रेडिओने जन्मात पहिल्यांदा कामाचं बोलून सगळा प्रकार सांगितला: कार्ड नाही, तीन माणसं हवीत, चौकीत जावं लागेल.

"तीन कशाला?" शिंपी म्हणाला. "हिच्या आजोबांनी मला शिवण शिकवलं. त्या झाडाखाली बसायचे. लिही माझं नाव."

"झाडाखाली नाही, विहिरीपाशी," कोळसेवालीने त्याला खोडलं. "माझंही लिही. नीट लिही, दोन ओ आहेत."

"फदलमुल्ला उंच होता की बुटका, विचारा मला. मी लिहून देते." गर्दीतून काठी टेकत हबोबा पुढे आली, साऱ्या गल्लीची आजी. "ही जन्मली तेव्हा नाळ मी कापली. कुठल्या समितीने मला विचारलं? एकाने तरी विचारलं?"

केरुबो झुहुराच्या नंबरच्या रकान्यात नावं लिहीत होती. रकाना भरला, ती समासात लिहू लागली. झुहुरा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चार वर्षं आजोबांना ओळखणाऱ्या ज्या माणसासाठी तिने खेटे घातले तो माणूस इथे कोळसा विकत होता, कपडे शिवत होता, तिच्याकडून रोज मांदाझी घेत होता. आणि आता तिच्या आजोबांची उंची किती यावरून सगळे कचाकचा भांडत होते.

हबोबाने काठी आपटली. "पुरे! आणि हिला धरल्यावर आम्ही मागून चौकीत कशाला जायचं? बरोबरच येतो ना. उद्या किती वाजता निघायचं?"

"नऊला," झुहुरा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.