पारणं झाल्यावर

माझं पारणं झालं. उपवास एकही केला नव्हता, तरी झालं!

स्तनाचा कॅन्सर. सुरतेला ऑपरेशन, मग किमो, मग रेडिएशनचे शेक. शेवटचा शेक घेऊन घरी, खापरला आले, तर दारात नातेवाइकांची ही गर्दी! सासूबाईंचं, म्हणजे लहरीबाईंचं म्हणणं, सुनेनं एवढं सोसलं ते तपच. मग मोठ्या उपवासानंतर आम्हा जैनांत करतात तसं सगळ्यांनी मला चमच्याचमच्यानं मुगाचं पाणी पाजलं, चुनरी पांघरवली. नवरा रिषभ फोटो काढत होता. मी हसत होते, आणि आतून इतका राग येत होता की चमचाच चावावा. कुणावर? कुणी काही वाईट केलंच नव्हतं, तीच तर पंचाईत.

आजारपणात सासूबाई रोज सकाळी माझ्या खाटेशी यायच्या. तपस्व्याला विचारतात तसं विचारायच्या, "अल्पना, सुखसाता?" म्हणजे, सुखात आहेस ना? त्याला उत्तर ठरलेलं, "देव-गुरूंची कृपा." इथे ओकून ओकून जीव नकोसा झालाय आणि ह्यांची सुखसाता! मनातल्या मनात किती दातओठ खाल्ले मी. पारण्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणं बंद केलं. सुटले, असं वाटायला हवं होतं ना? मी मात्र उठल्यापासून दाराकडे कान लावून पडायचे. अगं बाई, तुला हवंय तरी काय?

कापडाच्या दुकानात पुन्हा बसायला लागले. गिऱ्हाईक विचारायचं, "भाभी, आते बरी शे ना?" मी म्हणायचे, "बरी शे." रिषभ म्हणायचा, "रिपोर्ट चांगले आले, आता कसली चिंता?" खरंच, कसली? पण काख जरा ठणकली की वाटायचं, आला परत. ऑपरेशनच्या वेळी वाटली नव्हती एवढी भीती आता वाटत होती. आणि आता ती सांगायची सोय उरली नव्हती.

काल सकाळी सासूबाई हातात आसन घेऊन सामायिकेला, म्हणजे रोजच्या ध्यानाला निघाल्या होत्या. मी खाटेवरूनच ओरडले, "मम्मीजी, तुम्ही मला विचारत का नाही आता?"

त्या दचकून दारातच थांबल्या.

"अगं, पारणं झाल्यावर कुणी सुखसाता विचारतं का? विचारलं तर तप अजून चालूच आहे असं व्हायचं. तो मेला परत यायचा गं! रोज ओठांवर येतं, रोज गिळते."

म्हणजे ह्याही घाबरलेल्या! हसावं की रडावं, मला कळेना.

"तो यायचा तर येईल, मम्मीजी. तुम्ही विचारा."

त्यांनी आधी दार लोटलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "अल्पना, सुखसाता?"

ठरलेलं उत्तर जिभेवर आलंच होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला फार भीती वाटते."

त्यांनी आसन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सरक जरा." मी सरकले. माझ्या लग्नापासून काल पहिल्यांदा त्यांची सामायिक चुकली.