विकायच्या घराचा पुढचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय, आणि खरं सांगायचं तर घाबरत घाबरतच बोलतोय. इंग्लंडमधल्या रॉचडेलला एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या ओळीत बेरिल हॉवर्थबाईंचं घर आहे. त्याचा मी पुढचा दरवाजा.

पुढचा म्हणजे नुसता नावाला. आमच्या गल्लीत सगळ्यांची ये-जा मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून. मला उघडायचं ते लग्नाला, नाहीतर मयताला. बाईंची लेक जॅनिस माझ्यातून नवरी होऊन बाहेर पडली, आणि यजमान वॉल्टर गेले तेही माझ्यातूनच. एरवी माझी ओळख काय ती पोस्टमनशी.

गेल्या हिवाळ्यात बाई जिन्यावरून पडल्या. जिना उतरला की समोर मीच. जॅनिस येईपर्यंत त्या माझ्या पायाशी कण्हत होत्या आणि मी मेला लाकडाचा, हाक तरी कुणाला मारणार! तेव्हा ठरलं, हे घर विकायचं आणि जॅनिसच्या शेजारचा तळमजल्याचा फ्लॅट घ्यायचा. फ्लॅटवाला म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत थांबतो, पुढचं सांगता येत नाही.

घरं विकून देणारा एजंट आला. म्हणाला, "उगाच खर्चात पडू नका. भिंतींना फिकट रंग द्या, अडगळ काढा, आणि पुढचं दार रंगवा. लोक पायरीवर उभे असतानाच मनाशी ठरवतात."

"अगं बाई, त्या दाराकडे बघतं कोण?" बेरिलबाई म्हणाल्या.

"गिऱ्हाईक बघतं, आई," जॅनिस म्हणाली. "क्लिफला सांगते मी."

क्लिफ म्हणजे जॅनिसचा नवरा. त्याने मला गडद निळा रंग दिला, पितळी मूठ घासून चकचकीत केली, दोन्हीकडे फुलांच्या कुंड्या ठेवल्या. मी हरखून गेलो. पण पठ्ठ्याला गार वारा लागला, आणि त्याने रंग वाळायच्या आतच मला लावून घेतलं. झालं! मी चौकटीला घट्ट चिकटलो. दुसऱ्या दिवशी घर बघायला माणसं आली, आतून ओढाओढ, बाहेरून धक्के. शेवटी ती कंटाळून निघून गेली.

"वा जावईबापू! घर विकायला काढलंय की बंद करायला?" बेरिलबाई हसून म्हणाल्या. मग जिन्याच्या पायरीवर बसून रडल्या. माझ्यामुळे हो! क्लिफने सुरी फिरवून मला सोडवलं, पण माझ्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

मग डीन आणि रेचल हे तरुण जोडपं आलं. मी नीट उघडलो. रेचल म्हणाली, "किती गोड दार!" मला वाटलं, बाजी जिंकली! जाताना डीन पायरीवर थांबून तिला हळूच म्हणाला, "घर घेतलं तर पहिलं हे लाकूड काढायचं. प्लॅस्टिकचं बसवू. स्वस्तात होतं, थंडी येत नाही, आणि पुढे विकताना भावही चांगला येतो."

शनिवारी दोघं पुन्हा येऊन नक्की करणार होते. गुरुवारपासून पावसाची झड लागली. लाकडाच्या हातात असतं काय? फुगणं, एवढंच. आणि मी फुगत होतो. मनात आलं, फुगू दे. अडलो तर ही दोघं परत जातील आणि मी वाचेन.

शनिवारी घंटी वाजली. बेरिलबाई वरच्या मजल्यावर होत्या. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आडव्या होत, एकेक पायरी उतरू लागल्या. "आले हं, आले!" आवाज हसरा, पण पाय प्रत्येक पायरी चाचपत होता. मधेच थांबल्या, डोळे मिटले. त्या पडण्याची भीती मला त्यांच्याइतकीच वाटत होती. एकदाच्या खाली आल्या आणि माझी मूठ धरली. हात गार पडला होता.

मी अंग चोरलं. होतं नव्हतं तेवढं सगळं चोरलं. त्यांनी ओढलं मात्र, मी उघडलो.

बाई आता जॅनिसच्या शेजारी राहतात. तिथे जिना नाही. इथे सोमवारी प्लॅस्टिकचा दरवाजा येतोय, आणि मला धडधडतंय, खोटं कशाला बोलू? काढणाऱ्या दादांनो, एवढं करा. पहारीने उचकटू नका, बिजागऱ्यांचे स्क्रू सोडवा. मी अडणार नाही.