मूठभर खोड

शावुओत, म्हणजे आमचा पहिल्या फळांचा सण, जवळ आला की आमच्या गावाच्या अंगात येतं. बायका चीज फडक्यात टांगून ठेवतात, पुरुष ट्रॅक्टर धुतात आणि उत्सव समितीच्या गेउलाताई सगळ्यांना कामाला लावून स्वतःचा घसा बसवून घेतात. सणाच्या दिवशी आम्ही ट्रॅक्टर चालवत नाही, म्हणून पहिल्या फळांची मिरवणूक आदल्या दुपारीच निघते. सगळ्यांत पुढच्या गाडीत फळांची टोपली, आणि तिच्याशेजारी वर्षभरात जन्मलेली बाळं आयांच्या मांडीवर. बाळंही पहिली फळंच, असं आम्ही धरून चालतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी डोंगराला आग लागली आणि उतारावरच्या सगळ्या बागा गेल्या. त्यानंतर यंदा पहिल्यांदा फळ धरलं, तेही एकट्या शबतायकाकांच्या जर्दाळूंनी. त्यात त्यांच्या नुरितला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मुलगी झालेली. बापाची टोपली आणि लेकीचं बाळ एकाच गाडीत, आणि ते बघायला आग विझवणारी माणसं पाहुणी म्हणून येणार. गेउलाताईंना तर आत्तापासूनच रडू येत होतं.

घोळ घातला तो खुद्द शबतायकाकांनी. सकाळची प्रार्थना झाल्यावर सिनेगॉगच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, त्यांनी रब्बींना विचारलं, "जळलेलं झाड तोडलं आणि मुळातून परत फुटलं, तर ते जुनं की नवं?"

नव्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळं आम्हाला वर्ज्य. खायची नाहीत, विकायची नाहीत, गाईलासुद्धा घालायची नाहीत. हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. पण काकांनी ही झाडं बी पेरून वाढवली त्याला जमाना झाला होता, त्यामुळे असला प्रश्न कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता.

रब्बी म्हणाले, "खोड किती ठेवलं होतं? जमिनीच्या वर मूठभर उंच उरलं असेल, तर झाड जुनंच. जमिनीलगत तोडलं असेल तर नवं. वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची."

"उरलं होतं की!" गेउलाताई मागून ओरडल्या. "मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"तू तेव्हा हैफाला बहिणीकडे होतीस," काका म्हणाले.

"मग तिच्या गच्चीवरून पाहिलं!"

लोक हसले. रब्बी हसले नाहीत. "तोडलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग तुम्हीच सांगा, काका. आता तिथे मातीचा भर पडलाय. तुमचा शब्द मी मान्य करीन."

यापेक्षा उघडं दार कुणी कुणाला ठेवू शकत नाही. एक 'हो' म्हटलं की काम झालं असतं. रब्बी स्वतःच्या बुटांकडे बघत होते. काकांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली आणि म्हणाले, "जमिनीलगत."

मग सुरू झालं. दुकानात, दूधकेंद्रावर, बसथांब्यावर, जिथे काका दिसतील तिथे. "काका, गावाचं तोंड गोड व्हायची वेळ आली तर तुम्ही कडू काढलंत." "काका, आता तुमचं सरळ वरच्याशी बोलणं असतं म्हणे, आमचाही निरोप सांगा." कुणीतरी तोडगा काढला की खाऊ नये, नुसतं मिरवावं, बघायला कुठे बंदी आहे? काका म्हणाले, "पोरं डोळ्यांनी बघतात आणि हातांनी उचलतात." त्यावर बोलणाऱ्याने त्यांना हट्टी म्हातारा म्हटलं, आणि तेही तोंडावर. मला स्वतःला काका चुकीचे वाटत नव्हते. पण तसं मी कुठे बोललो नाही, कारण मला पहिली गाडी ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर बसायचं होतं, आणि तिथे कुणी बसायचं ते गेउलाताई ठरवतात.

माझं कुंपण त्यांच्या बागेला लागून आहे, त्यामुळे पुढचं मी ऐकलं. कान झाकून घ्यायची मला सवय नाही.

नुरित बाळाला झाडाखाली चादरीवर ठेवून खुरप्याने बुंध्याची माती उकरत होती. एक झाड झालं, दुसरं झालं. सगळीकडे जुनं खोड जमिनीबरोबर सपाट. शेवटच्या झाडाशी ती ओरडली, "बाबा! या इकडे! हे बघा, उंच आहे!"

तिने जुन्या खोडाला लागून जमिनीवर मूठ टेकवली. खोड तिच्या मुठीबरोबर होतं. काका वाकले, त्यांनी आपली मूठ शेजारी टेकवली. त्यांची मूठ खोडाच्या वर आली.

"तुमची मूठ फावड्याएवढी आहे," नुरित म्हणाली. "बाकीची राहू देत. एवढं एक झाड तरी सोडा. माझ्या मुठीने मोजलं म्हणून सांगते मी रब्बींना."

"तोडलं मी. मूठ माझीच."

"कोण बघायला आलंय, बाबा?"

"ज्याने बघायचं त्याने तेव्हाच बघितलं."

नुरित चिडली. खुरपं फेकलं तिने. "सगळं गाव तुमच्यावर हसतंय. मी एवढी वर्षं कुणाच्या बारशाला गेले की बायका माझ्याकडे बघून आवाज खाली आणायच्या. मला एकदा, एकदाच, भरल्या टोपलीशेजारी बसायचं होतं. देवाला एवढंही बघवत नाही का?"

काका चादरीशेजारी बसले. मग म्हणाले, "आगीनंतर मी इथे करवत घेऊन आलो ना, तेव्हा तुझा भाऊ म्हणाला, थोडं खोड ठेवा, फुटेल. मी त्याला हाकलून दिलं. मी देवावर चिडलो होतो, नुरित. इथे काही होतं हेसुद्धा मला दिसायला नको होतं. म्हणून पार मातीला टेकून कापलं. इथे दगड लागला म्हणून करवत उचलली गेली, मी मुद्दाम नाही ठेवलं. मूठभर खोड ज्याला आशा असते तो ठेवतो. मी नव्हतं ठेवलं. झाडं तरीही आली." त्यांनी नुरितने फेकलेलं खुरपं उचललं. "आता त्यालाच सांगू, की मी ठेवलं होतं म्हणून?"

बाळ रडायला लागलं, नुरितने त्याला उचललं आणि ती घरी निघून गेली. काकांनी एकट्याने फळं उतरवली आणि कुंपणाजवळ खड्डा करून पुरली. इतकी सुरेख जर्दाळू मातीत जाताना बघून मला वाईट वाटलं. मी मदतीला गेलो नाही, त्यांनी बोलावलंही नाही.

मिरवणुकीच्या दुपारी टोपली भरलेलीच होती. गेउलाताईंनी शहरातल्या बाजारातून जर्दाळू मागवली होती आणि त्यांवरचे चिकटलेले कागद नखाने खरवडून काढले होते. एकावरचा राहिला होता, तो त्यांनी खाली वळवला. काका रस्त्याच्या कडेला, सायप्रसच्या झाडापाशी एकटे उभे होते. नुरित पांढरा झगा घालून, बाळाला घेऊन पहिल्या गाडीत चढली आणि बापाकडे न बघता टोपलीशेजारी बसली.

गाडी चौकात थांबली. आग विझवणाऱ्यांपैकी एक दांडगा गडी पुढे आला. त्या रात्री तो याच उतारावर होता. टोपलीकडे बघून त्याने विचारलं, "हीच का उतारावरची?"

गेउलाताईंनी तोंड उघडलं. पण नुरित आधी बोलली.

"नाही, ही बाजारातली आहेत. आमची मातीत पुरलीत, यंदा ती आमची नव्हती." तिने बाळाला खांद्यावर नीट घेतलं. "अजून दोन वर्षांनी या. तोवर ही चालायला लागेल. हीच तोडून देईल तुम्हाला."

त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने मान डोलावली आणि येईन म्हणाला. मग नुरितने रस्त्याच्या कडेला बघून हाक मारली, "बाबा, चढा ना वर, ऊन आहे."

काका आले. गाडीची पायरी उंच होती आणि त्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून मी ट्रॅक्टर बंद करून खाली उतरलो आणि त्यांना हात दिला. त्यांनी तो घट्ट धरला. मूठ खरंच मोठी होती.