परत ऐकलं

घरात मला चोंबडी म्हणतात. शेजाऱ्यांकडे नवं कपाट आलं, तर ते लोखंडी की लाकडी हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. त्यामुळे ऑफिसात मॅडम म्हणाल्या, “कोणतं मानक घ्यायचं ते तू ठरव,” तेव्हा बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

आमचं ऑफिस ऑनलाइन प्रशिक्षणाचे कोर्स बनवतं. या वेळी गिऱ्हाईक होतं एक मोठं हॉस्पिटल, आणि कोर्स होता ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सच्या उजळणीचा. आता कोर्स बनवणं एक आणि त्यानं हॉस्पिटलच्या सिस्टीमशी बोलणं दुसरं. त्या दोघांनी कोणत्या भाषेत बोलायचं हे मानक ठरवतं. स्कॉर्म हे जुनं मानक, मितभाषी. कोर्स उघडला, संपवला, इतके गुण पडले, फार तर इतका वेळ लागला. त्यापलीकडे ते सहसा तोंड उघडत नाही. एक्सएपीआय हे नवं. ते प्रत्येक गोष्टीचं वाक्य करतं, कर्ता, कर्म, क्रियापदासकट. अमकीनं व्हिडिओ थांबवला. तमकीनं प्रश्न सोडवला. गंमत म्हणजे त्यातली क्रियापदं आपण निवडायची. शाळेत व्याकरणाच्या तासाला पेंगणारी मी आठवडाभर क्रियापदांच्या मागे हात धुऊन लागले होते. पान उघडं ठेवून कुणी भाजी निवडत बसलं, तर त्याला ‘वाचलं’ म्हणायचं का? मग ‘उघडलं’ म्हणावं का? यावर मी आमच्या प्रोग्रामरचं इतकं डोकं खाल्लं, की तो मला बघितलं की पाणी प्यायला उठायचा.

मॅडमना व्याकरणात काडीचा रस नव्हता. “हॉस्पिटलला सगळं हवंय. कोण मन लावून करतंय, कोण टंगळमंगळ करतंय, नावानिशी. नवंच घेऊन टाक. सोमवारी मला कारणं सांग, म्हणजे झालं.”

माझंही मन नव्याकडेच होतं. फक्त एकदा ते खऱ्या माणसावर चालवून बघायचं होतं, आणि माणूस घरचंच होतं. माझी आत्या त्याच हॉस्पिटलात थिएटर नर्स आहे. सर्जनचा हात पुढे आला की मागायच्या आत हवं ते इन्स्ट्रुमेंट त्यात पडतं, अशी तिची ख्याती. जीभ म्हणाल तर तिखट. रविवारी सकाळी तिला आमच्या जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपपुढे बसवलं.

“माझी परीक्षा घेतेस काय गं, चोंबडे?”

“तुझी नाही, कोर्सची.”

मी पलीकडच्या खोलीत माझ्या स्क्रीनपुढे बसले. वाक्यं पडायला लागली. ‘आत्यानं वाचलं: हात धुण्याची पद्धत.’ ‘आत्यानं सोडवलं: पहिला प्रश्न.’ उत्तर बरोबर. गाडी सुसाट चालली होती. मग आलं, ‘आत्यानं ऐकलं: भाग तीन.’ त्याखाली, ‘आत्यानं परत ऐकलं: भाग तीन.’ त्याखाली पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच.

मला आधी आनंदच झाला. भाग तीन अवघड झालाय तर! पण भाग तीनमध्ये होतं काय, तर इन्स्ट्रुमेंट मोजायची कशी. हे आत्या झोपेतसुद्धा सांगेल. मग मी सगळे भाग शेजारी शेजारी लावून बघितले. भाग दोनमध्ये शिकवणारी बाई समोर बघून बोलते, तो आत्यानं एकदाच ऐकला होता. तीनमध्ये सर्जन मास्क लावून बोलतो. चारमध्ये माणूसच नाही, चित्रांवर नुसता आवाज आहे, आणि तोही ती आता परत परत ऐकत होती. पाचमध्ये पुन्हा ती समोर बघणारी बाई, आणि पुन्हा एकदाच. कोडं सुटलं म्हणून मी टाळी वाजवायच्या बेतात होते, आणि तेवढ्यात त्या उत्तराचा अर्थ लक्षात आला.

उठून तिच्या पाठीमागे गेले. “आत्या, चहा टाकू?” उत्तर नाही. जरा मोठ्यानं विचारलं. नाही. टेबलाला वळसा घालून तिच्या पुढ्यात उभं राहून विचारलं, तेव्हा म्हणाली, “टाक की, विचारतेस काय!”

आत्या कुणाचं ऐकत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. बाबा तर तिच्या तोंडावर म्हणतात आणि ती खो खो हसते. तिला हट्टी ठरवून आम्ही मोकळे झालो होतो, आणि ती त्या हट्टाच्या आडोशाला बिनबोभाट आमचे ओठ वाचत होती. मला स्वतःचा राग आला. तिचा त्याहून जास्त आला.

चहा तिच्यापुढे ठेवला आणि माझी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिनं चष्मा लावून एकेक वाक्य वाचलं.

“हे कुणी लिहिलं?”

“कोर्सनंच. तू जे करशील ते तो लिहितो.”

“आणि हे मेट्रनकडे जाणार?”

“अजून ठरायचंय. उद्या मीच सांगायचंय.”

कपावर साय धरली तरी तिनं तो उचलला नाही. “मग मला थिएटरमधून काढतील. कुठेतरी चादरींच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळत बसवतील.”

“आणि सर्जननं काही मागितलं, आणि तुला ऐकूच आलं नाही तर?”

“त्यांचे हात बघते मी. आजवर काही चुकलंय?”

“चुकल्यावर सांगणार होतीस?”

“तू मला शिकवू नकोस!” पर्स उचलली, दार आपटलं आणि गेली.

इकडे आड, तिकडे विहीर. जुनं मानक घेतलं तर आत्या झाकली जाईल, पण भाग तीन कुणाला कळत नाही हे आम्हाला कधीच कळणार नाही. सगळं लिहिणारं नवं घेतलं, तर तिचं गुपित मीच पोचवल्यासारखं होईल. पण क्रियापदं तर आपणच निवडायची होती! हे इतके दिवस माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि मी ‘वाचलं’ की ‘उघडलं’ यावर भांडत बसले होते.

सोमवारी मॅडमना म्हटलं, “नवंच घेऊ. पण नावानिशी दोनच क्रियापदं लिहू, ‘सोडवलं’ आणि ‘पूर्ण केलं’. ‘थांबवलं’, ‘परत ऐकलं’ हे सगळं बिननावाचं. कोणता भाग लोकांना परत ऐकावा लागतो तेवढं आपल्याला कळलं, की बास. आणि प्रत्येक व्हिडिओखाली शब्द लिहून यायला हवेत.”

“गिऱ्हाईकाला नावं हवीत.”

“मॅडम, परत ऐकलं की आपलं नाव वर जातं, हे एकदा फुटलं तर कुणी परत ऐकेल का? कळो न कळो, पुढचं बटण दाबतील. आणि त्याच बायका थिएटरात पेशंटपाशी उभ्या राहतील.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हे तुला कुठून सुचलं?”

“सवय आहे चोंबडेपणाची,” मी म्हटलं. त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून बरीच कुरकुर झाली, पण शेवटी हो म्हणाले.

संध्याकाळी आत्याच्या घरी गेले. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. माझा चेहरा नीट दिसेल अशी दिव्याखाली बसले आणि सगळं सांगितलं.

“म्हणजे कुणालाच कळणार नाही?”

“नाही. कोर्स बोलणार नाही आणि मीही नाही.” मला वाटलं, आता मला जवळ घेईल.

तिनं हातातली घडी मोडली, परत घातली. “काल तुला शिव्या घालतच घरी गेले. मग वाटलं, जाऊ दे, ते यंत्रच सांगून टाकेल एकदाचं. सुटेन तरी.” तिनं घडी बाजूला ठेवली. “तेही आता बोलणार नाही. म्हणजे मलाच सांगावं लागणार.”

इतकी हुशारी करून मी तिचं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर ठेवलं होतं.

“उद्या सुट्टी काढ,” ती म्हणाली. “कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. तो मास्क लावून बोलला तर मला काय कळणार, कपाळ!” ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. माझेही भरून आले.

“आणि मग मेट्रनकडे? तिथेही येऊ?”

“तिथे मी एकटी जाईन. तिथे मला ऐकायचं नाहीये, सांगायचंय.”